नुसती पणती

शीळफाट्याला संस्थेची बस नेहमीसारखी अडकली आणि देवयानीच्या मांडीवरचा फोन एकदाच थरथरला. जप चालू असताना फोनकडे बघायचं नाही, हा तिचा नेम. डोंबिवलीहून बस सुटली की उजव्या हाताच्या पेरांवर तिचा अंगठा फिरायला लागायचा आणि मुंब्र्याचा बायपास चढेपर्यंत एकशे आठ नावं पुरी व्हायची. तोवर पाण्याचा घोटसुद्धा नाही. आज चौऱ्याहत्तरावं नाव चालू होतं, अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर होता. बाहेर एक कंटेनर अर्धा रस्ता अडवून वळण घेत होता. त्याच्या मागच्या दारावरच्या धुळीत कुणीतरी बोटानं मोर काढला होता, आणि त्या मोराकडे बघता बघता तिची नजर कशी कोण जाणे खाली गेली. मेघालीचा मेसेज होता. एक फोटो आणि त्याखाली एकच ओळ : मॅडम, नुसती पणतीपण मणी करतेय. फोटोत काळोख होता आणि त्या काळोखात हिरव्या मण्यांचा सर तुटून सांडावा तसे ठिपके. सुरेख होते. दोन वर्षं हेच ठिपके दाखवून तिनं टाळ्या घेतल्या होत्या. तिनं फोन पालथा घातला. अंगठा होता तिथेच होता, पण पंच्याहत्तरावं नाव काही येईना. मागचं आठवत होतं, त्याच्या मागचं आठवत होतं, पुढचं मात्र कुणी पुसून टाकावं तसं गेलं होतं. कंटेनर वळला, बस हलली, आश्विनातलं ऊन तिच्या साडीच्या काठावर येऊन बसलं, आणि तिला वाटलं की आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं. पण पहिल्यापासून सुरू करायला पहिलं कुठलं, हेच तिला ठरवता येईना. पहिलं म्हणजे आजचा मेसेज की दोन वर्षांपूर्वीचा तो गुरुवार की त्याच्याही आधी, आई डाळ निवडत बसल्या होत्या ती दुपार.

आई म्हणजे तिच्या सासूबाई, हेमाताई. त्या दुपारी त्यांनी सहज विचारलं होतं, तू तिथे दिवसभर करतेस तरी काय गं. देवयानीनं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. शरीरातल्या एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं राबत असतात, पण मायक्रोस्कोपमधून बघितलं तर सगळं सारखंच, पारदर्शक. कोण कुठे जातंय ते कळत नाही. मग समुद्रातल्या काही जिवांमध्ये जे चमकणारं प्रथिन असतं ते घ्यायचं, आणि आपल्याला हव्या त्या प्रथिनाला शिवून टाकायचं. तेही बाहेरून नाही. पेशीच्या आत जी कृती लिहिलेली असते त्या कृतीतच चार ओळी वाढवायच्या, की पेशी आपण होऊन दिवा लावूनच ते प्रथिन तयार करते. हेमाताईंनी खडा बाजूला टाकला. म्हणजे अंधाऱ्या चाळीत एकाच बिऱ्हाडकरूच्या हातात पणती द्यायची, त्या म्हणाल्या, आणि तो कुणाकडे जातो ते लांबून बघायचं. देवयानीला ते इतकं आवडलं की पुढे सहा वर्षांच्या खटपटीनं जे प्रथिन हाताशी आलं त्याचं नावच लॅबमध्ये पणती पडलं, आणि छापून आलेल्या निबंधातही तेच राहिलं. पण त्या दुपारी हेमाताई तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. चाळणी झटकत त्यांनी विचारलं होतं, "पण हातात पणती असलेला माणूस नेहमीसारखा चालतो का गं? तो तर जपून चालतो, ज्योतीकडे बघत चालतो." देवयानी हसली होती. म्हणाली होती, त्यासाठीच तर कंट्रोल असतो, आई. नुसती पणती सोडून बघायची, बिऱ्हाडकरूशिवाय. ती एकटी सगळीकडे सारखी पसरली, म्हणजे पणतीची स्वतःची काही ओढ नाही. मग जे दिसेल ते त्या माणसाचंच चालणं.

फुलांसाठी रोजच्यासारखं माजिवड्यालाच उतरून संस्थेच्या फाटकापर्यंत चालताना तिच्या घशाला कोरड पडली होती. पर्समध्ये पाण्याची बाटली होती. जप पुरा झाला नव्हता. उड्डाणपुलाखालच्या सावलीत एक बाई शेवंतीच्या वेण्या ओवत बसायची, तिच्याकडून देवयानी रोज दोन फुलं घ्यायची, एक टेबलावरच्या गणपतीला आणि एक संध्याकाळी घरी. आज ती तशीच पुढे गेली आणि वीस पावलांवर थबकली. परत फिरली नाही. सहा वर्षं, ती मनाशी म्हणत होती, सहा वर्षं. काचेच्या थाळ्यांवर जिवाणूंच्या शेकडो टिकल्या उगवायच्या. प्रत्येक टिकलीत पणतीच्या कृतीचं एखादं अक्षर बदललेलं. नारिंगी चष्मा लावून निळ्या दिव्याखाली थाळी धरायची आणि त्यातली सर्वांत उजळ टिकली दात कोरायच्या काडीनं अलगद उचलायची. ती वाढवायची, तिच्यात पुन्हा बदल, पुन्हा थाळी, पुन्हा सर्वांत उजळ. मंद असतील त्या टाकून द्यायच्या. अशा किती थाळ्या तिनं आणि मेघालीनं टाकून दिल्या असतील. आणि आता, फुटपाथवर उभं राहून, तिला ती गोष्ट दिसली जी कुणाही जाणत्याला पहिल्या वर्षीच दिसायला हवी होती : या जातीची प्रथिनं एकमेकांना चिकटली की जास्त उजळतात. उजळ तेच उचलत गेलो म्हणजे चिकट तेच उचलत गेलो. त्यांनी दिवा निवडला नव्हता. पिढ्यान् पिढ्या गोंद निवडला होता. आणि तो उजळला म्हणून त्याची पूजा केली होती.

मेघाली लॅबच्या दारातच उभी होती. चेंदणी कोळीवाड्यातली मुलगी, खाडीवर वाढलेली. आवाज मोठा, हात मात्र असा हलका की पेशींच्या डिशला धक्का लागायचा नाही. शुक्रवारी तिची पीएचडीची तोंडी परीक्षा, व्हायवा होती, आणि आज मंगळवार. तिच्या सगळ्या प्रबंधाचा कणा म्हणजे ते मणी : मज्जापेशींना उष्णतेचा ताण दिला की त्यांच्यातलं एक विशिष्ट प्रथिन मण्यांसारखं गोळा होतं, ताण काढला की पुन्हा विरघळतं. तिनं ते पणती लावून पाहिलं होतं, मोजलं होतं, पावणेदोनशे पानं लिहिली होती. काल फक्त स्लाइडसाठी जरा स्वच्छ चित्र हवं म्हणून तिनं नुसत्या पणतीचा जुना प्रयोग पुन्हा केला. "तुमच्या वहीतल्या मापानं केलं मॅडम, तर काहीच नाही, मस्त पसरलेली," ती सांगत होती, भराभर, देवयानीच्या चेहऱ्याकडे न बघता. "मग म्हटलं, आपण बाकी सगळीकडे तर पणतीच्या कृतीचं चौपट माप वापरतो, तर तेवढं घालून बघू. आणि गरम केलं. तर हे." देवयानीनं मान हलवली. तिनं विचारलं की किती डिश आहेत. तीन उरल्यात, मायक्रोस्कोपचा संध्याकाळी साडेपाचचा स्लॉट घेतलाय, मेघाली म्हणाली. मेघालीनं हातमोज्याचं टोक ओढलं, सोडलं. "मॅडम, तेव्हा तुम्हाला असं काही दिसलं नव्हतं ना?"

हा प्रश्न इतक्या सरळ आवाजात आला की त्यात आरोप शोधायलाही जागा नव्हती. वाटेत फूल घेतलं का, असं विचारावं तसा. देवयानीच्या ओठांवर उत्तर तयार होतं आणि ते एका शब्दाचं होतं. तिनं ते गिळलं. म्हणाली, आधी डिश बघू. संध्याकाळी बघू. मेघाली बरं म्हणाली आणि वळली, आणि वळता वळता, जणू हे आधीच्या बोलण्याचंच शेपूट असावं तसं, हसून म्हणाली, "आमच्या हितेशदादानं फ्लेक्स छापून पण आणलाय. व्हायवा शुक्रवारी, फ्लेक्स सोमवारीच. आई म्हणते लावून टाक, वारा लागू दे." देवयानीला फ्लेक्स दिसला. न बघता दिसला : कोपरीच्या पुलावरून कोळीवाड्यात उतरताना, विजेच्या खांबाला बांधलेला, त्यावर मेघालीचा टोपीतला फोटो आणि खाली डॉ. मेघाली नाथा नाखवा. तिच्या वडिलांनी, नाथाभाऊंनी खाडीतल्या मासळीवर तिचं शिक्षण काढलं होतं, आणि आईनं, सगुणाबाईंनी पहाटेच्या टोपलीवर. सगुणाबाई एकदाच लॅबमध्ये आल्या होत्या, डब्यात तळलेले बोंबील घेऊन. देवयानी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी डबा मागे घेतला नाही की ओशाळल्या नाहीत. मुलीनं समजावून सांगितलेला तो हिरवा उजेड त्यांनी पडद्यावर बराच वेळ पाहिला, मग पदर खोचत म्हणाल्या, "दर्यानचा उजेड चालतो तुमाला बाय, दर्यानची मासली नाय चालत?" सगळी लॅब हसली होती. देवयानीही हसली होती, पण ते वाक्य तिच्या अंगाला कुठेतरी लागून राहिलं होतं, माशाचा काटा राहावा तसं, आणि आज तो हलला.

दुपारी तिनं दार लावून घेतलं आणि कपाटातून दोन वर्षांपूर्वीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. तिचंच गोल, नेटकं अक्षर : नुसती पणती, पाव माप, उष्णतेपूर्वी व उष्णतेनंतर. पसरलेली, एकसारखी. मणी नाहीत. वेळ पावणेचार. शब्द खरे होते. एकही शब्द खोटा नव्हता. तेच तर. त्या दिवशी घरी घट मांडलेला होता, उद्यापन होतं, सोसायटीतल्या सात सवाष्णी सहाला येणार होत्या, फळं आणायची राहिली होती. सकाळपासून उपास, डोकं हलकं झालेलं, आणि मायक्रोस्कोपच्या खोलीत तो ठरावीक थंडावा. तिनं आधी पुऱ्या मापाची डिश लावली होती. हो, आधी पुऱ्या मापाची. ही गोष्ट वहीत नव्हती. फार उजळ होतं सगळं, डोळ्यांवर येत होतं, म्हणून तिनं डिशखालचं तबक सरकवत नेलं, आणि डाव्या कोपऱ्यात तीन पेशी होत्या. तीन की चार? त्यांच्यात मणी होते. तिचा हात थांबला होता का? थांबला असेल. तिला आठवत होतं ते वेगळंच, म्हणजे घड्याळ, आणि केळी पिकलेली आहेत की कच्ची ही काळजी, आणि मनात आपोआप उमटलेलं एक वाक्य : या मरायला लागलेल्या पेशी दिसतायत, जास्त मापानं त्यांना सोसलं नाही. वाक्य शास्त्रीय होतं. असं होतंही. मग तिनं ती डिश काढली, पाव मापाची लावली, पंचवीस सुरेख फोटो काढले, वहीत लिहिलं आणि रिक्षानं निघाली. सहाला पाच कमी असताना ती घरी पोचली, आरती झाली, सवाष्णींच्या ओटीत फळं घातली, आणि रात्री पाठ टेकताना तिला समाधान वाटलं होतं. ते समाधान तिला अजून आठवत होतं, उबदार, तुपासारखं. आता तिला त्या समाधानाची भीती वाटत होती. दिसलं होतं म्हणावं, तर ते दिसणं अर्ध्या मिनिटाचं होतं. दिसलं नव्हतं म्हणावं, तर मग डावा कोपरा कसा आठवतो? तीन की चार हे मोजायचा प्रयत्न कोण करतंय?

वहीच्या मागच्या पानावर यादी होती. पणती मागवणाऱ्या प्रयोगशाळांची नावं, चौदा. कृतीचा थेंब गाळणकागदाच्या तुकड्यावर वाळवायचा, तो कुठे आहे ते कळावं म्हणून पेन्सिलीनं भोवती गोल काढायचा, आणि साध्या लिफाफ्यातून टपालानं पाठवायचा. घेणाऱ्यानं गोल कापून पाण्यात भिजवला की झालं. पहिल्यांदा असा लिफाफा चिकटवताना तिला माहेरची आठवण आली होती. कल्याणला त्यांच्याकडे दरवर्षी कुलदैवताच्या देवळातून असाच लिफाफा यायचा, आत घडी घातलेल्या कागदात अंगारा. बाबा तो उघडताना हात धुवायचे. तीही त्या कागदावर गोल काढताना हात धुवायची, हातमोजे असले तरी. मागच्या महिन्यात दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं : आभारी आहोत, तुमच्या पणतीनं आम्हीही आमचं प्रथिन पाहिलं, ताण दिल्यावर आम्हालाही मणी दिसले. त्यांचं प्रथिन तर सगळं वेगळं होतं. मेघालीनं ते पत्र छापून भिंतीवर लावलं होतं, पेढे आणले होते. देवयानीनं पेढा देवापुढे ठेवला होता. वेगळं प्रथिन, आणि तेच मणी. दोघींना आनंद झाला. एकीलाही शंका आली नाही.

आणि मग, का कोण जाणे, तिला आळीतला मारुती आठवला. कल्याणच्या घरासमोर पारावर एक मारुती होता, गुबगुबीत, पोट सुटलेला, गाल फुगलेले, मोठे चांदीचे डोळे. लहानपणी तिला तो कुणा ओळखीच्या काकांसारखा वाटायचा. ती अकरा वर्षांची असताना एका सकाळी त्याचा शेंदूर गळला. शेकडो वर्षांच्या लेपांचं ते कवच मधोमध तडकलं आणि एका बाजूनं खाली आलं. आत दगडात कोरलेली एक किडकिडीत मूर्ती निघाली, मान वळवलेली, चेहरा जवळजवळ नाहीच. गावातून माणसं लोटली. पुजारी विश्रामकाका उपरण्यानं डोळे पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होते, हेच मूळ रूप, भाग्य आपलं, मूळ रूप दिसलं. पण देवयानीला ते भाग्य वाटलं नाही. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि फसवलं कुणी ते कळेना, कारण मारुतीनं तर काहीच केलं नव्हतं. तो आत उभा होता. ते पोट, ते गाल, ते काकापण, सगळं त्यांनीच थापलं होतं, रोज थोडं थोडं, भक्तीनं. तिला स्पष्ट आठवत होती ती एक म्हातारी, जिनं आतल्या मूर्तीकडे बघितलंही नाही. बाजूला तरटावर गोळा केलेल्या शेंदराच्या ढिगाला तिनं डोकं टेकलं. ते कवच संध्याकाळी खाडीत सोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून विश्रामकाकांनी पुन्हा तेल-शेंदूर चढवायला सुरुवात केली.

पाच वाजले तेव्हा तिला घरी निघायची वेळ झाली होती. गेली नऊ वर्षं रोज ती याच वेळी निघायची. लॅबमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं, कुणी तिच्याशी पाचनंतरची बैठक ठरवायचं नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा स्वतःच्या हातानं लावायचा, हा नवस उर्वीसाठी होता. उर्वी आठव्या महिन्यात झाली, कावीळ झाली, आणि काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली तिला आठ दिवस ठेवलं होतं, डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधून. आयुष्यभर निळ्या दिव्याखाली थाळ्या बघितलेल्या देवयानीला तो निळा उजेड बघवत नव्हता. त्या उजेडात तिची मुलगी एक टिकली झाली होती, उजळ की मंद ते कळत नव्हतं, आणि मंद असतील त्यांचं काय करतात ते तिला माहीत होतं. पेटीच्या काचेवर कपाळ टेकून ती म्हणाली होती, हिला घरी ने, मी रोज दिवा लावीन, माझ्या हातानं, एक दिवस चुकवणार नाही. एकही दिवस चुकला नव्हता. ताप असताना लावला, आंदोलनात रस्ते बंद झाले तेव्हा शीळफाट्यापासून चालत येऊन लावला. नवस फेडणं आणि मुलीचा श्वास यांच्यात एक बारीक धागा आहे असं ती मानत होती, आणि तो धागा ओढून बघायची तिची छाती नव्हती. आज तिनं पर्स उचलली, खांद्याला लावली, दारापर्यंत गेली. समोरच्या टेबलावर मेघाली तीन डिश डब्यात ठेवत होती, पाठमोरी. डबा टॉवेलात गुंडाळताना तिनं विचारलं, तुम्ही निघता ना मॅडम, मी बघून फोटो पाठवते. सहज विचारलं. नेहमीचंच होतं ते. आणि देवयानीच्या लक्षात आलं की आजही ती तशाच घाईत, त्याच कारणासाठी, त्याच डिशपासून निघते आहे. देवानं तिला तेव्हा बोलावलं नव्हतं. ती देवाच्या नावानं निघून गेली होती. तिनं पर्स खाली ठेवली.

मायक्रोस्कोपच्या खोलीत दिवा बंद करून डोळे सरावायला पाचेक मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत माणसं सहसा काहीबाही बोलतात, कारण अंधारात गप्प बसणं जड जातं. मेघाली बोलली. ती म्हणाली, वहीतलं पाव माप तर खोटं नाही ना मॅडम, छापलंय तेच आहे, त्या मापाला आजही मणी येत नाहीत. तिचा आवाज हळू होता. ती सुचवत होती की विचारत होती, ते अंधारात कळलं नाही. देवयानीला वाटलं की ही वाट या मुलीला कुणी शिकवली. आणि दुसऱ्याच क्षणी तिला उत्तर मिळालं. मग पडद्यावर हिरवं उगवलं. मेघालीनं तबक हळूहळू सरकवलं. पहिल्या डिशमध्ये मणी. दुसऱ्या डिशमध्ये मणी. कोपऱ्यात नव्हे, मरणाऱ्या पेशींत नव्हे. चांगल्या, धडधाकट, पाय पसरून बसलेल्या पेशींत, एकामागून एक, काळोखात ओवलेले. कुणाचंही चालणं नव्हतं ते. पणत्याच एकमेकींपाशी जमल्या होत्या.

फोन थरथरला. उर्वी होती. सहा वाजून गेलेत आई, बस बंद पडली का, आजी खिडकीतच उभी आहे. देवयानीच्या घशातून आवाज फुटेना, सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. तिनं सांगितलं की मला उशीर होईल. मग उर्वीनं विचारलं, "मग दिवा? मी लावू?" देवयानीला पेटी दिसली, पट्टी दिसली, काचेवरचं आपल्याच श्वासाचं धुकं दिसलं. धागा हातात होता आणि तो ताणला जात होता. तिला मागून हेमाताईंचा आवाज ऐकू आला, तिचा नवस आहे गं, तिला विचार नीट. देवयानीनं डोळे मिटले. मिटल्यावरही हिरवे ठिपके दिसतच राहिले.

"लाव," ती म्हणाली. "काडी आजीला ओढू दे. वात तू लाव."

फोन ठेवल्यावर तिनं अंधारात हात पुढे केला आणि मेघालीच्या मनगटावर ठेवला. मेघालीचा हात माउसवर होता, थंड.

"सकाळी विचारलंस ना. दिसलं होतं मला."

मेघालीनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "कुठल्या डिशमध्ये?"

"पुऱ्या मापाच्या. डाव्या कोपऱ्यात. तीन पेशी होत्या, नाहीतर चार. मी ते लिहिलं नाही."

मेघालीनं मनगट सोडवून घेतलं नाही. पडद्याच्या हिरव्या उजेडात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता आणि त्यावर राग होता की नाही ते देवयानीला समजेना. राग असता तर बरं झालं असतं. शुक्रवारी होणार नाही मग, मेघाली म्हणाली. देवयानी म्हणाली की कदाचित नाही होणार. होईल तेव्हा हेच दाखवून होईल, आणि ते आधी देवयानी स्वतः उभी राहून सांगेल, आणि आजच चौदाही जागी पत्रं जातील. हे सगळं ऐकताना मेघाली मान हलवत होती, पण ती भलतंच ऐकत असावी. मध्येच म्हणाली, "आईनं फ्लेक्स बांधला असेल एव्हाना." मग उठली, दिवा लावला. दोघींनी डोळ्यांवर हात घेतला.

वहीत दुरुस्ती कशी करायची याचा एक नियम असतो. खाडाखोड करायची नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या मजकुरावर एकच सरळ रेघ ओढायची, इतकी बारीक की खालचं वाचता यावं. मग बाजूला खरं काय ते लिहायचं, तारीख, सही. देवयानीनं नव्या मुलांना हे कितीदा शिकवलं होतं. आज तिनं पट्टी घेतली आणि मार्गशीर्षातल्या त्या गोल, नेटक्या अक्षरांवरून रेघ ओढली. मणी नाहीत, हे शब्द रेघेखाली तसेच राहिले, वाचता येण्याजोगे. समासात तिनं लिहिलं : पुऱ्या मापाची डिश आधी पाहिली होती. डाव्या कोपऱ्यात मणी दिसले. नोंद केली नाही, कारण. कारणापुढे पेन थांबलं. तिनं खूप विचार केला. घट, सवाष्णी, केळी, उपास, घड्याळ, सगळी डोळ्यांपुढून गेली, आणि यातलं एकही कारण नव्हतं. शेवटी तिनं कारण या शब्दावरही एक बारीक रेघ ओढली, आणि सही केली. बाहेर आकाश केव्हाच काळवंडलं होतं. डोंबिवलीच्या त्या घरात नऊ वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातानं वात पेटली असेल, किंवा वाऱ्यानं विझलीही असेल.

दुरुस्तीखाली साक्षीदाराची सही लागते. तिनं वही मेघालीकडे सरकवली आणि लगेच तिला वाटलं की हे मागायचा आपल्याला अधिकार नाही. ती वही परत ओढणार होती. मेघालीनं पेन उचललं होतं. ते तिनं बोटांत धरलं, कागदापासून इंचभर वर, आणि रेघेखालचे जुने शब्द ती पुन्हा एकदा वाचत राहिली. मग सावकाश, एरवीची वळणदार सही न करता, शाळेतल्यासारखं सुटं अक्षर काढत तिनं पूर्ण नाव लिहिलं, फ्लेक्सवर होतं तसंच, पुढचं डॉ. तेवढं सोडून.